बोट ठेवून वाचलेला वर्षावास

माझी वाचा गेली तेव्हा मी एका मुलीला रागावत होते. तिसरीचा वर्ग, तेराचा पाढा, आणि तेरा साती तिनं ब्याण्णव लिहून ठेवलेलं. मी म्हणायला गेले, ‘डोकं घरी ठेवून आलीस का?’ आणि तोंडातून भलताच घरघर आवाज निघाला. हातातला खडू पडला. पोरांना वाटलं बाई गंमत करताहेत, कारण मी वर्गात अधूनमधून नकला करायचे. सगळा वर्ग खदखदून हसला. त्या मुलीला तेवढीच सुटका मिळाली.

आमची शाळा परतूर तालुक्यात, आष्टीपासून पुढं, कापसाच्या आणि तुरीच्या रानांमधली. तिथं मी बावीस वर्षं शिकवत होते. माझा आवाज पिठाच्या गिरणीपर्यंत जातो अशी गावात ख्याती होती आणि मला तिचा अभिमान होता. आमचे हे नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या गोदामात कामाला. आठवडाभर तिकडं दोन खोल्या घेऊन राहायचे, शनिवारी मोटारसायकलवर गावी यायचे आणि दीड दिवस गप्प बसून परत जायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, ‘घरातला बोलायचा कोटा एकाच माणसानं उचललाय.’

तर तो कोटा त्या दिवशी संपला. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जालन्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मला नीट शुद्ध आली, तेव्हा उजवा हात जड होता, तोंड किंचित वाकडं होतं, आणि डोक्यात सगळं लख्ख समजत होतं. समोर कोण उभं आहे, कोणता वार आहे, पंख्याला किती पाती आहेत. फक्त शब्द येत नव्हता.

त्याच दिवशी आमच्या वस्तीतली बारा-पंधरा माणसं मला बघायला आली. मला लघवीला लागली होती. चांगलीच लागली होती. ते सांगायचं म्हणून मी सगळा जीव एकवटून तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडावं? बुद्धवंदनेतलं त्रिशरण! स्पष्ट, खणखणीत, एकही अक्षर न चुकता. मीच दचकले. खाटेभोवतीची सगळी माणसं झटकन चपला काढून हात जोडून उभी राहिली आणि माझ्या मागून म्हणू लागली. मला थांबता येईना. त्रिशरण तीनदा म्हणून झालं की त्याला जोडून पंचशील येतंच. मी पाय हलवते आहे, डोळे मोठे करते आहे, आणि आमची माणसं डोळे मिटून एकेक शील शांतपणे म्हणताहेत. वंदना मध्येच सोडून कोण हलणार? शेजारच्या खाटेवरचा माणूससुद्धा उठून बसला. शेवटी ड्युटीवरची नर्स आली, तिनं माझ्या पायांकडं बघितलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. त्या बाईचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

गावात मात्र बातमी वेगळीच पोचली. मॅडम आता संसारी बोलतच न्हाईत, नुस्ती वंदना म्हणून राह्यल्यात. दोघीजणी तर फुलं घेऊन आल्या आणि माझ्या पाया पडल्या. मी हातानं ‘नको, नको’ करत होते, तो त्यांना आशीर्वाद वाटला.

आता हे हसून सांगते, पण त्या दिवसांत मी फार घाबरले होते. बोलता न येणारी शिक्षिका म्हणजे काय, याचा विचार मी छताकडं बघत करायचे आणि रडायचे. पलीकडच्या खाटेवरच्या बाईची बहीण मला रोज सांगायची, अमक्या देवाला नवस बोला. आमच्यात नवस नाही, आणि असता तरी बोलणार कशानं? माझ्याजवळ होती ती एवढी वंदना. लहानपणापासून रोज दात घासावेत तशी मी ती म्हणत आले होते, अर्धं लक्ष चुलीवरच्या दुधाकडं ठेवून. आता तेवढीच पूर्ण वाक्यं माझ्या मालकीची राहिली होती. सकाळ-संध्याकाळ मी ती सावकाश म्हणायचे आणि स्वतःचा आवाज ऐकायचे. आवाज आहे, म्हणजे वाट आहे, असं मनाला सांगायचे. श्रद्धा म्हणतात ती हीच असेल तर ती मला त्या खाटेवर पहिल्यांदा कळली.

दवाखान्यातून सोडल्यावर आम्ही ह्यांच्या दोन खोल्यांमध्ये राहिलो. रोज रिक्षानं एका स्पीच थेरपिस्टकडं जायचं. माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची पोरगी. तिनं समजावून सांगितलं, की पाठ केलेलं एका खोलीत असतं आणि ठरवून बोलायचं ते दुसऱ्या खोलीत. माझ्या दुसऱ्या खोलीचं दार बंद झालं होतं. मग ती चित्रांची कार्डं दाखवायची. ‘हे काय आहे? पुन्हा म्हणा. शाब्बास, छान प्रयत्न!’ बावीस वर्षं मी पोरांना जे म्हणत आले ते सगळं माझ्यावर उलटलं. एके दिवशी मला इतका राग आला की मी तिचं केळ्याचं कार्ड भिरकावून दिलं. तिनं शांतपणे उचलून आणलं आणि पुन्हा समोर धरलं. मी असते तर कान पिळला असता.

पाठ केलेलं म्हटल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वंदनेशिवाय मला आणखी दोन गोष्टी झोपेतही येत होत्या: पाढे, आणि पहिलीच्या वर्गातला मुळाक्षरांचा तक्ता. क कमळाचा, ख खटाऱ्याचा. मी तक्ता म्हणून बघितला. धडाधड आला. आणि तक्त्यात शब्द होतेच की! घर होतं, डबा होता, छत्री होती, नळ होता.

मग आमचा संसार तक्त्यावर चालू झाला. पाणी हवं असलं की कमळापासून निघायचं आणि नळापाशी थांबायचं. मध्ये वीसेक अक्षरं. उन्हाळ्याचे दिवस, घशाला कोरड, आणि वेग जरा जास्त झाला की नळ मागं पडून मी पतंग, फणस करत बदकापर्यंत जायचे. मग परत कमळ. आमचे हे भांडं भरून हातात धरून उभे राहायचे. ‘निघालीस का कमळापासून? ये, मी नळापाशी थांबतो.’ आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना घरात बोलायला जागा मिळाली होती आणि ते बरेच विनोदी निघाले. चहाला तक्त्यात जागा नव्हती, म्हणून चमच्यावर थांबले की चहा असं आम्ही ठरवलं. सासूबाईंचा फोन आला की मी मगरीवर थांबायचे. ते मुद्दाम ठरवलेलं नव्हतं, पण ह्यांना बराबर कळायचं.

असं करत करत वैशाख संपेपर्यंत सुटे शब्द यायला लागले. ‘पाणी द्या’ यायला लागलं. वाचन मात्र अडखळत होतं. थेरपिस्ट पोरीनं सांगितलं, रोज मोठ्यानं वाचा, ओळीखाली बोट ठेवा, बोट शब्दावरून पुढं सरकल्याशिवाय तोंड पुढं न्यायचं नाही. अडलं तर मनात दहा आकडे मोजा, शब्द येतो का बघा, आणि मगच कुणाला विचारा.

माझी वैद्यकीय रजा दिवाळीपर्यंत होती. त्यानंतर शाळेत उभं राहायचं किंवा शाळा सोडायची. वर्गासमोर मी ‘कमळ, खटारा’ करत उभी आहे आणि पोरं हसताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. एका रविवारी मी ह्यांना कागद आणायला लावला आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहायला सांगितलं. ह्यांना कार्यालयीन मराठी येत नाही. गोदामातल्या पोत्यांवर लिहितात तशा मोठ्या सुट्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: ‘मी शाळा सोडत आहे.’ मी सही करायला हात पुढं केला, तर म्हणाले, ‘वर्षावास संपू दे. मग कर.’ आणि कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

वर्षावास म्हणजे आमच्याकडं आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने. रानातली कामं आटोपून दिवेलागणीला बायाबापड्या विहारात जमतात, वंदना होते आणि एकजण धम्माचा ग्रंथ वाचतो. आमच्या विहारात अकरा वर्षं तो एकजण मीच होते. भराभर, आवाज चढवत-उतरवत वाचायचे. तीन महिन्यांत जाड ग्रंथ संपवून पंधरा दिवस वर उरायचे. लोक म्हणायचे, मॅडमसारखं वाचन जिल्ह्यात न्हाई.

आम्ही आषाढात गावी परतलो तेव्हा वस्तीतल्या तरुणांनी सोय करून ठेवली होती. फोनवर कुणीतरी वाचलेला सगळा ग्रंथ मिळतो, तो स्पीकरला जोडून लावायचा. पहिल्या संध्याकाळी लावलाही. मी भिंतीला टेकून बसले होते, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. माझ्यावाचून चालतंय म्हणजे मी सुटले. तेवढ्यात एक आजी उठली आणि स्पीकर बंद कर म्हणाली.

ही आजी आमच्या वस्तीतली सगळ्यात म्हातारी. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केलेली, सडसडीत, जीभ माझ्यापेक्षा तिखट. तिचं आणि माझं एक जुनं प्रकरण होतं. पूर्वी शाळेत प्रौढांचा साक्षरता वर्ग भरायचा, तिथं ही पाटी घेऊन यायची. अकरा दिवस आली. अकराव्या दिवशी तिला ‘ग’ आणि ‘म’ यातला फरक सांगता येईना, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले, ‘एवढं सोपं कसं येत नाही हो तुम्हाला?’ बाराव्या दिवशी ती आली नाही. पाटीही सरकारी होती, तीसुद्धा परत आली नाही.

‘काय झालं आजी?’ पोरांनी विचारलं.

‘ह्या डब्याला मदी थांबवून काई इचारता येत न्हाई,’ आजी म्हणाली. ‘बाई हायेत ना? बाई वाचतील.’

‘पण आजी, मॅडमला बोलायला तरास...’

‘मंग? आपल्याला कुठं एस्टी धरायचीय? एक ओळ वाचतील. एक ओळ ऐकू.’

मी मान हलवून नाही म्हणत होते. बायांनी माझ्या मांडीवर पाट ठेवला, पाटावर पांढरं फडकं, त्यावर ग्रंथ. पळून जायला वाटच नव्हती. मी पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. ती ओळ वाचायला मला किती वेळ लागला ते मी सांगणार नाही. ओळ संपली तेव्हा माझा पदर घामानं भिजला होता, आणि बायांनी हात जोडून ‘साधू साधू’ म्हटलं. मग सगळ्या घरी गेल्या. त्या वर्षावासाचं पहिलं वाचन एवढंच.

दुसऱ्या दिवशी आजी माझ्या अगदी अंगाला खेटून बसली. म्हणाली, ‘मला ऐकू कमी येऊन राह्यलं.’ तिचं नाक जवळजवळ पानावर. रोज तीच जागा. कुणी आधी तिथं बसलं तर ती उठवायची.

श्रावणात चार ओळी व्हायला लागल्या, मग अर्धं पान. मी अडले की दहापर्यंत कुणी बोलायचं नाही असा नियम होता. दहा झाले की बायांना मोकळीक. मग काय एकेक शब्द यायचे! एकदा मी ‘नदी’ या शब्दावर अडले आणि दहा होताच नळ, पूर, टँकर, विहीर असा गावाचा सगळा पाणीप्रश्न विहारात गोळा झाला. मी इतकी हसले, की हसता हसता ‘नदी’ आपोआप निघाला. अकरा वर्षांत माझ्या वाचनाला कुणी हसलं नव्हतं, आणि आता लक्षात येतं, कुणी काही विचारलंही नव्हतं. आता मात्र प्रत्येक ओळीला प्रश्न. ‘असं का केलं त्यांनी?’ ‘त्याची बायको काय म्हन्ली?’ उत्तर द्यायला मला शब्द कमी पडायचे, मग त्या आपापसात भांडून उत्तर काढायच्या.

पोळा झाला आणि एका दुपारी गावातल्या मोठ्या बागायतदाराची सून आमच्या दारात आली. तिच्या सासऱ्यालाही लकवा मारला होता. हात-पाय सुधारत होते, पण तोंडातून शब्द नाही. ‘बाई, तुम्ही काय केलं ते मामंजींना शिकवा,’ ती म्हणाली. मला धड चार वाक्यं सलग येत नव्हती आणि मी कुणाला शिकवणार? पण तिचे डोळे बघून नाही म्हणवेना. मी आजीला सोबत घेतलं. मी अडले तर माझं बोलणं पुढं न्यायला कुणीतरी हवं होतं.

माझा हिशोब सोपा होता. माणसाला काहीतरी पाठ असतंच, ते आधी काढायचं. मी सुनेला विचारलं, आरती? येत नाही म्हणाली, देवळात गेले तरी मामंजी बाहेर चपलांपाशीच थांबायचे. भजन? कधी नाही. पाढे? शाळा दुसरीतच सुटली. म्हातारा माझ्याकडं टकमका बघत होता. मी हताश झाले.

आजी इतका वेळ अंगणात उभी होती. ती म्हणाली, ‘बाई, ह्येंना काय पाठ हाये ते मला इचारा की. मी ह्येंच्या रानात चाळीस वर्सं खुरपलंय.’ आणि पदर खोचून ती म्हाताऱ्याच्या पुढ्यात जाऊन म्हणाली, ‘मालक, चार वाजले. मी चालले घरी. खुरपायची पात अर्धी राह्यली तर राह्यली!’

म्हाताऱ्याच्या तोंडावर लाली चढली. ओठ थरथरले. आणि त्यांनी आजीला एक लांबलचक, अखंड शिवी घातली. इथं लिहिण्यासारखी नाही. पण उच्चार इतका शुद्ध, की मी थेरपिस्ट असते तर शाब्बास म्हटलं असतं. सून ओसरीवर बसून रडायला लागली, ‘बोलले! मामंजी बोलले!’ ती शेजारपाजारच्यांना ओरडून बोलवायला लागली, आणि आजी कमरेवर हात ठेवून विजयी मुद्रेनं माझ्याकडं बघत होती.

त्या शिवीत ‘जा’ होतं, ‘घरी’ होतं, ‘उद्या येऊ नको’ होतं. मला नळ आणि डबा मिळाले तसं त्यांना एवढं मिळालं. मी आणि आजी आठवड्यातून तीनदा जायचो. आजी त्यांना चिडवायची, ते शिवी द्यायचे, मी शिवीतला एकेक शब्द सुटा करून घ्यायचे. आजीला मी एकदा विचारलं, वाईट वाटत नाही का? ती म्हणाली, ‘तवा वाटायचं. आता तर मीच काढून राह्यले ना!’ आश्विन लागता लागता एका सकाळी आम्ही गेलो, तर म्हाताऱ्यांनी चांगल्या हातानं ओसरीवरच्या खुर्चीकडं बोट केलं. आजीकडं बघून म्हणाले, ‘बसा.’ चाळीस वर्षांत त्या ओसरीवर आजीला कुणी बसा म्हटलं नव्हतं. मला रडू आलं. आजी म्हणाली, ‘बसते की. पन हळू, गुडगे दुखून राह्यले.’

आश्विन पौर्णिमेला समाप्ती. सगळ्या बाया पांढऱ्या लुगड्यांत आणि साड्यांत, विहाराला पंचशील ध्वज, मागं चुलीवर खिरीचं मोठं पातेलं. ग्रंथ अर्धाही झाला नव्हता, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. मला मात्र माझा वेगळाच घोर होता. मी मनाशी ठरवून टाकलं होतं: आज एक पान न अडता वाचता आलं तर शाळेत जायचं. नाही आलं तर त्या अर्जावर सही. हा नवसच होता म्हणा, नाव दिलं नव्हतं एवढंच. हे कंपनीतून रजा काढून आले होते, दाराशी बसले होते, आणि अर्जाची घडी त्यांच्या खिशातून मला दिसत होती.

मी पानावर बोट ठेवलं आणि सुरू केलं. पहिला परिच्छेद सरळ गेला. दुसरा गेला. बाया श्वास धरून ऐकत होत्या, कारण इतकं सलग मी त्या वर्षी वाचलं नव्हतं. शेवटच्या चार ओळी राहिल्या आणि बोट एका शब्दाखाली थांबलं. साधा शब्द. दिसत होता, कळत होता, तोंडात येत नव्हता. मी मनात मोजायला लागले. पाच झाले. सात झाले. मान खाली घालून मी ठरवलं, संपलं.

माझ्या बोटाशेजारी दुसरं बोट आलं. काळं, भेगाळलेलं, खुरप्याच्या मुठीनं वाकडं झालेलं.

‘गा... व... क...’ आजी म्हणाली. मग थांबली, आणखी वाकली. ‘गावकऱ्यांनी.’

बाया कुजबुजल्या. त्यांना वाटलं अंदाजानं सांगितलं असेल. मलाही तसंच वाटलं. पण मी शिक्षिका आहे, अंदाजावर मार्क देत नाही. मी पन्नासेक पानं पुढं उलटली, जिथं यंदा आम्ही कुणी पोचलोच नव्हतो, आणि मधल्याच एका ओळीखाली बोट ठेवलं. आजीनं डोळे बारीक केले.

‘म... ग. मग. ती. घ-रा-त. गे-ली.’

मग मी आणखी एक पान उलटलं. तेही तिनं वाचलं. ‘ग’ आणि ‘म’ यांच्यात तिचा जराही गोंधळ झाला नव्हता.

‘कधी?’ मला एवढंच विचारता आलं.

‘शेजारी बसून बसून,’ आजी म्हणाली. ‘तुमचं बोट जातंय तिथं मी डोळे नेत होते. घरी जाऊन पाटीवर काढत होते. तुमची पाटी हाये अजून माझ्याकडं.’ मग म्हणाली, ‘पयले तुमी लई पळत होत्या, बाई. आवंदा माझ्या पायानं चालल्या.’

‘आणि कान?’

‘कानाला काय झालंय? चुलीवर खीर लागून राह्यलीय, ती बी ऐकू येतीय मला.’

दोघीतिघी खिरीकडं धावल्या. मी रडत होते आणि हसत होते, आणि दोन्ही लपवायचं मला सुचत नव्हतं. बावीस वर्षं मी माझ्या आवाजाला शिकवणं समजत होते. ज्या वर्षी आवाज गेला त्या वर्षी माझ्याकडून सगळ्यात अवघड विद्यार्थिनी शिकली, तीही माझ्या नकळत. पान मात्र अडलंच होतं. ठरवलं ते ठरवलं, म्हणून मी ह्यांच्याकडं हात केला. त्यांनी खिशातून कागद काढून दिला. मी पेन शोधत होते, तेवढ्यात आजीनं तो माझ्या हातातून घेतला. नुकतंच वाचायला आलेल्या माणसाला कागद दिसला की राहवत नाही, हे मी पहिलीच्या पोरांत कितीदा पाहिलंय. अक्षरं मोठी होती, सुटी होती, तिच्या सोयीची होती. तिनं खाली बोट ठेवलं.

‘मी. शा-ळा. सो-ड-त. आ-हे.’

पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. उत्तर चुकल्याची शंका आलेलं मूल बाईंकडं बघतं तसं.

‘बाई, मी चुकून राह्यले का? ह्ये बराबर वाचलं का मी?’

‘वाचलं बरोबर,’ मी म्हणाले. ‘लिहिलंय चूक.’

आणि तिच्या हातातून कागद घेऊन मी तो फाडला. ही दोन वाक्यं मी कमळ न आठवता, मध्ये न अडता सलग बोलले, हे माझ्या लक्षातही आलं नाही. ते दाराशी बसलेल्या ह्यांच्या लक्षात आलं. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी त्यांनीच मला मोटारसायकलवरून शाळेच्या फाटकाशी सोडलं. चौथीच्या वर्गात तीच मुलगी पहिल्या बाकावर बसली होती. मी खडू उचलला, फळ्यावर तेराचा पाढा लिहायला घेतला, आणि सातव्या ओळीवर थांबून तिला हळू विचारलं, किती. तिला वेळ लागला, आणि मी थांबले.